पानओवा, कारिवणा आणि तैवानचं मलम

चोवीस रुग्ण, दोन आठवडे, आणि शेवटी निष्कर्ष असा की मलम आणि नेहमीचं ड्रेसिंग यांत संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निकाल आमच्यासारख्या कॉलेजातला असता, तर काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत नाव छापून ग्रंथालयाच्या कपाटात गेला असता. पण हा निकाल तैवानमधला होता. त्याच दोन वनस्पतींच्या मलमाला २०२१ च्या मार्चमध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी मधुमेही पायाच्या जखमेवरचं औषध म्हणून मान्यता दिली. मधल्या नऊ वर्षांत काय झालं, ते मला सविस्तर लिहायचं आहे. मी फार्मसीच्या मुलांना औषधनिर्मिती शिकवते, आणि ही गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की एकदा कागदावर उतरवलेली बरी.

दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की निदान एक गट तरी येऊन म्हणतोच, "मॅडम, दगडीपाल्याचं क्रीम करू या?" दगडीपाला नसला तर कडुनिंब, तोही नसला तर जाईची पानं. विषय वाईट नाही. शेतात विळा लागला की दगडीपाला चुरगाळून त्याचा रस पिळायचा, हे यातल्या बऱ्याच मुलांनी घरी पाहिलेलं असतं. जात्यादी तेलाचं तर नावच जाईवरून आलं आहे. अडचण पुढे असते. पानं सावलीत वाळवली, अल्कोहोलमध्ये भिजवली, अर्क आटवला, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि सिटाइल अल्कोहोलच्या बेसमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या कोऱ्या क्रीममध्ये, घोटला, पीएच मोजला, काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून पसरणं मोजलं, उंदरांच्या पाठीवर जखम करून ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. आलेख छान येतो. आणि प्रकरण तिथेच संपतं. तैवानवाल्यांचं प्रकरण तिथून सुरू झालं.

दोन पानं

या मलमाचं कामकाजातलं नाव ओएन-१०१, बाजारातलं फेस्पिक्सॉन, आणि ते करणारी कंपनी तैवानची वननेस बायोटेक. त्यातल्या दोन वनस्पती आपल्याला परक्या नाहीत. पहिली आपला पानओवा. जाड, लवदार, चोळलं की ओव्याचा वास येणारं पान. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत दर चौथ्या-पाचव्या घरी याची कुंडी असते आणि पावसात त्याची भजी होतात. तैवानमध्ये याला 'त्झुओ शोऊ श्यांग' म्हणतात, शब्दशः 'डाव्या हाताचा सुवास'. तिथेही तो कुंडीतलाच, आणि खोकला, सूज, भाजणं यांवरचा घरगुती उपाय.

दुसरी कारिवणा, म्हणजे आयुर्वेदातली मंडूकपर्णी. कोकणात ओलसर बांधावर, विहिरीच्या कडेला, न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथे बेडकाच्या पायासारखी गोल पानं पसरतात, तीच. जखमेसाठी हिचं नाव नवं नाही. हिच्या अर्काची मलमं युरोपातल्या औषधदुकानांत अनेक दशकं विकली गेली आहेत.

इथे थोडं विषयांतर, पण कामाचं. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' मागितली तर एक दुकानदार कारिवणा देतो आणि दुसरा जलब्राह्मी, जी वेगळ्याच कुळातली आहे आणि जिच्यात कारिवण्यातलं जखमेसाठी महत्त्वाचं द्रव्य, एशियाटिकोसाइड, नसतंच. मुलांच्या वहीत 'वनस्पतीची ओळख पटवली' हे वाक्य एका ओळीत उरकलेलं असतं. पुढची सगळी इमारत त्या एका ओळीवर उभी असते.

पान ते अंश

तैवानच्या मलमात पानओव्याचा सरसकट अर्क नाही. त्यातला एक निवडलेला अंश आहे, त्याला ते पीए-एफ४ म्हणतात. कारिवण्यापासून घेतलेला दुसरा घटक एस-१, तो एशियाटिकोसाइडने समृद्ध केलेला. दोन्हींचं प्रमाण एकास चार, आणि मलमात दोन्ही मिळून साधारण सव्वा टक्का. म्हणजे शंभर ग्रॅम मलमात सव्वा ग्रॅम. मुलांना हा आकडा सांगितला की चेहरे पडतात, कारण त्यांच्या क्रीममध्ये पाच-दहा टक्के अर्क असतो आणि जास्त म्हणजे चांगलं अशी पक्की समजूत असते.

सरसकट अर्क का नको? पानातून नुसतं औषध येत नाही. हरितद्रव्य येतं, टॅनिन येतात, शर्करा येते, मेण येतं. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पोपटी दिसणारं क्रीम महिन्याभरात शेवाळी आणि मग तपकिरी होतं, कारण फेनॉल गटाची द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतात. कापलेलं वांगं काळं पडतं, त्यातलाच प्रकार. शर्करेवर बुरशी पोसते. क्षारांमुळे इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, फुटतं आणि डबीत वर पाणी सुटतं. अंश वेगळा काढला की यातली बरीच कटकट मागे राहते, आणि मुख्य म्हणजे उरलेल्यात काय किती आहे ते मोजता येतं.

मोजणं हाच खरा घाम. पानओव्याचा वास ज्या कार्व्हाक्रॉलमुळे येतो ते उडून जाणारं द्रव्य आहे. पानं कशी वाळवली, यावर ते किती उरतं हे ठरतं. कारिवण्यात एशियाटिकोसाइड किती, हे जागेवर, ऋतूवर, खुडणीवर अवलंबून. शिवाय ही दलदलीत वाढणारी, जमिनीतले जड धातू ओढून घेणारी वनस्पती, त्यामुळे सांडपाण्याच्या कडेची कारिवणा औषधाला घ्यायची तर शिसं आणि कॅडमियम तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर घाण्याला तोच अंश, त्याच प्रमाणात मिळायला हवा असेल तर शेतापासून सगळं बांधून घ्यावं लागतं: कोणतं रोप, कोणती माती, कितव्या महिन्यात खुडणी. आजीच्या रसाला हे लागत नाही, कारण ती एका माणसाच्या एका जखमेपुरता रस काढते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जखम बघते. हजार गावांतल्या हजार ट्यूबांकडे बघायला कोणी नसतं. तिथे मोजमाप हीच आजी.

आणखी एक गोष्ट प्रोजेक्टमध्ये हटकून राहते. धडधाकट त्वचेवर लावायचं क्रीम आणि उघड्या जखमेवर लावायचं मलम यांत मोठा फरक आहे. युरोपियन फार्माकोपिया, म्हणजे तिथला औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, सांगते की मोठ्या उघड्या जखमांसाठी किंवा गंभीर इजा झालेल्या त्वचेसाठी बनवलेलं मलम निर्जंतुक असलंच पाहिजे. वनस्पतीचा अर्क म्हणजे मातीतल्या जंतूंना घरबसल्या निमंत्रण. तापवलं तर घटक जातात, न तापवलं तर जंतू राहतात. यावर तोडगा काढायचा तर अर्क काढण्याच्या पायरीपासून विचार करावा लागतो, शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह टाकून भागत नाही.

पायाची जखम

मधुमेही पायाची जखम अनेकदा कळतच नाही. संवेदना गेलेली असते, चपलेचा अंगठा घासतो, फोड येतो, फुटतो, आणि माणूस चालत राहतो. साखर वाढलेली असल्याने आणि रक्तपुरवठा कमी असल्याने ती भरत नाही. या जखमा वॅगनर श्रेणीने मोजतात. १ म्हणजे वरवरची, २ म्हणजे स्नायुबंध किंवा हाडापर्यंत खोल पण आत पू किंवा हाडाचा संसर्ग नाही, ३ म्हणजे तो आहे. ४ आणि ५ मध्ये पायाचा काही भाग किंवा सगळं पाऊलच काळं पडलेलं असतं.

जखम का अडून राहते याचं एक स्पष्टीकरण मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींकडे बोट दाखवतं. इजा झाल्याबरोबर येणाऱ्या मॅक्रोफेज जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात आणि दाह वाढवतात. ते काम आटोपलं की त्यांचा स्वभाव पालटायला हवा: नव्या रक्तवाहिन्या, नवं कोलॅजन यांना बोलावणारा दुसरा प्रकार पुढे यायला हवा. मधुमेहात हा पालट होत नाही. पाडकाम करणारे मजूर घर सोडत नाहीत आणि गवंडी दाराशी ताटकळत राहतो. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं गेलं ते असं की पानओव्याचा अंश पहिल्या टोळीला आवरतो आणि कारिवण्याचा अंश दुसरीला पुढे आणतो. एकत्र दोन अंश घेण्यामागचं कारण हे.

उंदरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. जखम झाली की तो आकसतो आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणतो. माणसाच्या तळपायाला ती सोय नाही. तिथे खालून नवं मांस भरावं लागतं आणि कडेने त्वचा सरकत यावी लागते. म्हणून निरोगी उंदरावर जवळजवळ कुठलंही क्रीम बऱ्यापैकी 'काम करतं'. त्यात बेसचा ओलावाही हातभार लावतो.

२३६ रुग्ण, साडेसात वर्षं

आता त्या छोट्या अभ्यासाकडे परत येऊ. त्यातल्या रुग्णांच्या जखमा वॅगनर ३ श्रेणीच्या, शस्त्रक्रियेने साफ केलेल्या होत्या. मलमाच्या गटात ९०.९ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, ड्रेसिंगच्या गटात ६६.७ टक्के. ऐकायला मोठा फरक, पण एवढ्या लहान गटांत दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले की टक्केवारी कोसळते. लेखकांनी तसं लिहिलंही.

पुढचा मोठा अभ्यास नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. पाककृतीत मसाला वाढवण्याऐवजी त्यांनी प्रश्नच नव्याने घातला. रुग्ण निवडले ते वॅगनर १ आणि २ चे, म्हणजे मलमाला निदान संधी मिळेल अशा जखमांचे. जखम १ ते २५ चौरस सेंटिमीटर. मुदत दोन आठवड्यांवरून १६ आठवडे. आणि 'सुधारणा' हा सैल शब्द जाऊन त्या जागी 'जखम पूर्ण बंद' आली. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांची, म्हणजे एफडीएची, जुनाट जखमांबाबतची मार्गदर्शिका हाच निकष मागते: त्वचा पूर्ण भरलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून तसंच आढळलेलं. जखम निम्मी झाली याला तिथे गुण नाहीत.

तैवान, चीन आणि अमेरिका मिळून २१ केंद्रं. एका गटाला मलम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला स्राव शोषणारं हायड्रोफायबर ड्रेसिंग. जखम साफ करणं आणि पायाची बाकीची काळजी दोन्हीकडे सुरूच होती. मे २०२० मध्ये अभ्यास संपला तेव्हा हिशेबात २३६ रुग्ण होते. साडेसात वर्षांत दर केंद्रामागे सरासरी अकरा. घाई असणाऱ्यांनी हा आकडा जरा डोळ्यांसमोर ठेवावा.

निकाल सप्टेंबर २०२१ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आला. मलम लावलेल्या १२२ पैकी ७४ जणांची जखम पूर्ण बंद झाली, ६०.७ टक्के. ड्रेसिंगच्या ११४ पैकी ४० जणांची, ३५.१ टक्के. योगायोग असा की मलमाने बरे झालेले ७४ आणि ड्रेसिंगने बरे न झालेलेही ७४. फरक सुमारे २५ टक्क्यांचा, म्हणजे साधारण चार जणांना मलम दिलं तर ड्रेसिंगच्या तुलनेत एकाची जखम जास्तीची भरते. रुग्णांचं सरासरी वय ५७, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर किती होती ते सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ८.१ टक्के. सहा महिन्यांहून जुन्या, पाच चौरस सेंटिमीटरहून मोठ्या जखमा किंवा ९ च्या वर एचबीएवनसी अशा चिवट रुग्णांतही मलमाचं पारडं जड राहिलं. उपचारामुळे गंभीर दुष्परिणाम झाल्याची नोंद नाही.

मी अडते ते इथे

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले की मुलं खूश होतात. मग मी विचारते, मलमाची तुलना कशाशी झाली? ड्रेसिंगशी. मलमाच्या रिकाम्या बेसशी झाली का? या अभ्यासात नाही. म्हणजे जो फरक दिसला त्यात पानओवा आणि कारिवण्याचा वाटा किती आणि दिवसातून दोनदा जखम उघडून, बघून, ओलसर मलम लावण्याचा किती, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. जखम तपासणाऱ्याला गट माहीत नव्हता, ही जमेची बाजू. पण रुग्णाला आणि मलमपट्टी करणाऱ्या नर्सला तर माहीत असणारच, मलम आणि ड्रेसिंग यांत गोंधळ कसा होईल? दिवसातून दोनदा स्वतःच्या पायाकडे बघणारा मधुमेही हा मुळातच वेगळा रुग्ण होतो. अभ्यासाला पैसा कंपनीचा होता, हेही धरून चालायचं. आणि दोन अंशांपैकी एकट्याने काय झालं असतं, तो प्रश्न उघडाच आहे.

बेसशी तुलना केली तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आहे. बर्चच्या सालीपासून केलेलं एक जेल एपिडर्मोलायसिस बुलोसा या जन्मजात आजारातल्या जखमांसाठी युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात मान्य झालं. त्याच्या २२३ रुग्णांच्या अभ्यासात दुसऱ्या गटाला सालीचा अर्क नसलेलं जेल दिलं होतं. ४५ दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण भरल्याचं प्रमाण ४१.३ टक्के विरुद्ध २८.९ टक्के. फरक सुमारे बारा टक्क्यांचा. आजार वेगळा, जखम वेगळी, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट बेरीज-वजाबाकी करू नये. पण बारा टक्क्यांचा तो फरक सालीचा आहे असं मी जास्त निर्धास्तपणे म्हणू शकते.

तरीही मी या प्रकरणाला कमी लेखत नाही. माणसाच्या पायावर, १६ आठवडे, पूर्ण बंद होण्याच्या निकषावर उभं राहणं हे पानांच्या बहुतेक क्रीमना कधी जमलेलं नाही. पानाचा अर्क औषध म्हणून मान्य होणं त्याआधीही झालं होतं: अमेरिकेत २००६ साली हिरव्या चहाच्या पानांचं मलम एका प्रकारच्या चामखिळींवर मंजूर झालं, आणि एफडीएच्या वनस्पतिजन्य औषधांच्या चौकटीतून गेलेलं ते पहिलं. जखमेचं क्षेत्र मात्र त्याहून अवघड, कारण जखम स्वतःहूनही भरत असते आणि श्रेय वाटून घ्यायला सगळेच पुढे येतात.

आपल्याकडची वाट

हे वाचून कुणी गॅलरीतला पानओवा तोडून वडिलांच्या पायाला लावायच्या आत एक सांगते: लावू नका. अभ्यासातल्या जखमा साफ केलेल्या होत्या, आत पू नव्हता, मोजलेला अंश होता आणि डॉक्टरची नजर होती. कुंडीतल्या पानावर माती असते, जंतू असतात. बधिर पायाला आत काय चाललं आहे ते कळत नाही.

औषध बनवणाऱ्यांसाठी मात्र आपल्याकडे दार आहे. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याची वाट जुनी आणि परिचयाची. त्याखेरीज नोव्हेंबर २०१५ मध्ये औषध नियमांत 'फायटोफार्मास्युटिकल' हा नवा वर्ग आला. वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश, ज्यात किमान चार घटक ओळखून आणि मोजून दाखवलेले असतील, तो इतर नव्या औषधांसारखा चाचण्यांतून न्यायचा. पीए-एफ४ सारख्या गोष्टीला हा कपडा बेतून शिवल्यासारखा बसतो. दगडीपाल्याला बसेल का, ते त्यातले चार घटक कोणी चिकाटीने मोजेल तेव्हा कळेल.

यंदाच्या गटाने दगडीपालाच घेतला आहे. मी त्यांना तैवानची गोष्ट सांगितली, नेहमीप्रमाणे बेसच्या मुद्द्यावर येऊन थांबले. गटातली एक मुलगी, जी एरवी फारसं बोलत नाही, वहीत काहीतरी गुणाकार करत बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, मग नुसत्या बेसचा एक गट वाढवायचा, म्हणजे सहा उंदीर जास्त लागणार. प्राण्यांच्या समितीला कारण काय लिहायचं?"

मी म्हटलं, आत्ता जे बोललीस तेच लिही.